मुदतीत हरकत आली नाही

(महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकून बाईंनी सातारा-सांगलीच्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

 

मला दिलेला विषय ऐकून घरी माझी सून हसली. म्हणाली, “अम्मी, सरकारी कागदांवर तासभर बोलणार? पोरं झोपतील.” ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल झोपावं. फक्त घरी गेल्यावर आपला सातबारा आणि आजोबांचा शाळेचा दाखला पेटीतून काढून एकदा नीट वाचावा. माझं अर्धं भाषण त्यातच येऊन जाईल.

मी तलाठी म्हणून नोकरीला लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षं सांगली जिल्ह्यात गेली, नंतरची सातारा जिल्ह्यात. पण सरकारी कागद आमच्या घरात त्याच्या आधीपासून होता. माझे अब्बा शिपाई होते. खाकी कपडे, सायकल आणि खांद्याला टपालाची पिशवी. आयुष्यभर त्यांनी एका टेबलावरचे कागद दुसऱ्या टेबलावर नेले, आणि त्यातला एकही त्यांना धड वाचता येत नव्हता. सही तेवढी यायची. पण कुठला कागद कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. गावाकडचं कुणी काम घेऊन आलं की ते म्हणायचे, “कागज बोलता नै, उसे बुलवाना पडता.”

आम्ही घरी दखनी बोलायचो. शाळा रयत शिक्षण संस्थेची, तिथे मराठी. मराठी माझी चांगली होती, निबंधाला बक्षीस मिळायचं. तरी तलाठी झाल्यावर पहिलं परिपत्रक हातात आलं तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. “उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये कळविण्यात येते की” इथपर्यंत वाचलं आणि पुढे कोण कुणाला काय करायला सांगतंय, याचा पत्ता लागेना. मला वाटलं, आपण मुसलमान म्हणून आपलं मराठी कच्चं. शेजारच्या सज्जाचे तलाठी भाऊसाहेब ब्राह्मण होते. मी भीत भीत त्यांना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, “मलाही कळलं नाही. सर्कलना विचारू.” त्या दिवशी माझ्या मनातली एक भीती कायमची गेली. दप्तरातली भाषा कुणाचीच मातृभाषा नसते. ती सगळ्यांना शिकावी लागते, आणि शिकली की येते.

आता हा रोजचा कागद फिरतो कसा, ते थोडक्यात सांगते. तुम्ही अर्ज दिलात की तो आवक बारनिशीत चढतो, त्याला क्रमांक आणि तारीख मिळते. मग साहेब तो बघतात आणि ज्या टेबलाचा आहे तिकडे पाठवतात. तिथला कारकून आपल्या कार्यविवरण नोंदवहीत त्याची नोंद करतो आणि त्यावर टिपणी लिहितो. म्हणजे विषय काय, वस्तुस्थिती काय, नियम काय सांगतो आणि काय करावं असा प्रस्ताव. टिपणी मान्य झाली की पत्राचा मसुदा, मग सही, मग जावक क्रमांक. एक प्रत तुम्हाला येते आणि एक स्थळप्रत फाइलीत राहते. काम संपलं की फाइलीवर अ, ब, क, ड यापैकी वर्ग पडतो. अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, ड वर्षभराने नष्ट करायचा.

यात सगळ्यात ताकदवान कागद कुठला? लोक म्हणतात साहेबांच्या सहीचा. मी म्हणते टिपणी. रावसाहेबांपुढे, म्हणजे तहसीलदारांपुढे, रोज शंभर कागद येतात. प्रत्येकाच्या मुळाशी जायला त्यांना वेळ नसतो. कारकुनाने चार ओळींत जे मांडलं त्यावर सही होते. त्या चार ओळींत तुम्ही असलात तर आहात, नसलात तर नाही.

महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या सातारा जिल्ह्यातलं. त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात अडाणी शेतकऱ्याला कचेरीतली लेखणी कशी नागवते, हा मोठा विषय आहे. आता तुम्ही सगळे शिकलेले आहात, मोबाइलवर दिवसभर वाचता-लिहिता. तरी एक नोटीस हातात आली की ती घेऊन एजंटाकडे जाता. म्हणजे लेखणी अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

या भाषेला आपण परके आहोत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं सांगते. अर्ज, दाखला, नक्कल, मुदत, हक्क, वारस, मयत, जप्ती, दप्तर. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले आणि मराठीने शेकडो वर्षांपूर्वी आपले केलेले. ‘मजकूर’ हा ‘जिक्र’चा भाऊ, ज्याचा जिक्र केला तो मजकूर. ‘मसुदा’ म्हणजे मुळात काळा केलेला कागद. खाडाखोड करून जो काळा होतो तो मसुदा. ‘हरकत’ म्हणजे मुळात हालचाल. घरी पोरगं मस्ती करायला लागलं की आपण म्हणतो, “क्या हरकतां करता रे?” कचेरीत हरकत घ्यायची म्हणजे गप्प न बसता हलायचं.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला. दरबारी वापरातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि राज्याचा कारभार मराठीत करायचं ठरलं. पदनाम कोश निघाला, शासन व्यवहार कोश निघाला. आज एकाच टिपणीत ‘मुदत’ आणि ‘विहित कालावधी’ शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही आपलेच आहेत. शब्द कुठून आला यापेक्षा समोरच्याला कळतो का, हे बघायचं.

आणि शब्द चुकला की काय होतं तेही बघा. ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ हे दोन वेगळे शब्द आहेत. अर्जावर कार्यवाही होते, म्हणजे काम पुढे जातं. गुन्हेगारावर कारवाई होते. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या रेशनकार्डाच्या अर्जाचं उत्तर गेलं, “आपल्या अर्जावर कारवाई करण्यात येत आहे.” तो बिचारा नातवाला घेऊन धापा टाकत आला. म्हणाला, “बाई, अर्ज परत घेतो, पण कारवाई करू नका.” आम्ही हसलो. त्याला रात्रभर झोप नव्हती.

आता मी माझी स्वतःची एक गोष्ट सांगणार आहे. यात चूक माझी आहे, म्हणून गावाचं आणि कार्यालयाचं नाव घेत नाही.

मी तलाठी होते. सज्जातल्या एका गावात एक शेतकरी वारले. मुलांनी वारस नोंदीचा अर्ज दिला. अर्जात चार भावांची नावं. रीतीप्रमाणे मी वारस रजिस्टरला घेतलं, फेरफार धरला, नोटीस काढली, चावडीवर लावली. फेरफार म्हणजे हक्कात झालेल्या बदलाची नोंद, गाव नमुना सहा. नोटिशीतलं वाक्य छापीलच असायचं, की या नोंदीबद्दल कुणाला हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत कळवावे, मुदतीत हरकत न आल्यास काही म्हणणे नाही असे समजून नोंद प्रमाणित करण्यात येईल.

दहाव्या-अकराव्या दिवशी एक बाई आली. पन्नाशीची असेल. शेजारच्या गावात दिलेली, मयताची मुलगी. अर्जात तिचं नाव नव्हतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती आपल्या समाजाची होती की दुसऱ्या, हे मी मुद्दाम सांगत नाही. बहिणीचं नाव गाळणं सगळ्या समाजांत सारखंच चालतं. कुठे वारसातच धरत नाहीत, कुठे हक्कसोडीवर अंगठा घेतात. एके काळी बायकांची नावं सातबाऱ्यावर कब्जेदारांच्या रांगेत न लिहिता खाली ‘इतर हक्कात’ लिहायची पद्धतच होती. माझ्या स्वतःच्या फुफूचं नाव मी कर्जाच्या बोजाशेजारी लिहिलेलं पाहिलं आहे.

बाई दारातच उभी राहिली. म्हणाली, “बाई, माझं बी नाव लागाय पायजे. मी बी त्यांचीच लेक हाय.” माझ्यापुढे वसुलीचा तक्ता होता, दुसऱ्या दिवशी तालुक्याला बैठक होती. मी मान वर न करता म्हणाले, “लेखी द्या.” ती म्हणाली, “मला लिवाय येत न्हाई. पोरगा पुण्याला असतोय, तो आला की घिऊन येते.” मी म्हणाले, “मुदतीत आणा.” ती थोडा वेळ बाकावर बसून राहिली, मग गेली.

पोरगा मुदतीत आला नसावा. ती परत आली नाही. पंधरा दिवस उलटले आणि मी शेरा लिहिला, “विहित मुदतीत हरकत प्राप्त झाली नाही.” सर्कलनी नोंद प्रमाणित केली. चौघा भावांची नावं लागली.

आता मी लिहिलेलं वाक्य बघा. खरं आहे की खोटं? दप्तरात शोधलं तर हरकतीचा कागद नाही. म्हणजे वाक्य खरं. आणि तरीही मला माहीत होतं की हरकत आली होती, चपला काढून माझ्या दारात उभी राहिली होती.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचं कलम १५० सांगतं की हरकत तोंडी असो वा लेखी, ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहून घेणं हे तलाठ्याचं कर्तव्य आहे. आणि हरकत घेणाऱ्याला लगेच लेखी पोच द्यायची. तोंडी किंवा लेखी! कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की या राज्यातल्या सगळ्यांना लिहिता येत नाही. म्हणून त्यांनी लिहिण्याचं ओझं येणाऱ्यावर न टाकता तलाठ्यावर टाकलं. मी अर्हता परीक्षेसाठी हे कलम पाठ केलं होतं. सज्जात बसल्यावर विसरले. कारण ‘लेखी द्या’ म्हणणं सोपं असतं. ते नियमासारखं ऐकू येतं.

काही महिन्यांनी त्या बाईने प्रांतसाहेबांकडे अपील केलं. मुलाने वकील दिला होता. अपिलात लिहिलं होतं की मी तलाठी कार्यालयात समक्ष जाऊन हरकत सांगितली होती. माझ्याकडे पत्र आलं, अहवाल सादर करा.

मी दोन दिवस तो कागद घेऊन बसले. एका वडीलधाऱ्या कारकून भाऊसाहेबांनी मला मायेनेच सल्ला दिला, “लिहा, ‘कार्यालयीन अभिलेखावरून हरकत प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही.’ यात खोटं काही नाही. तुम्ही सुटलात.” वाक्य तयार होतं. व्याकरण बिनचूक. आणि त्यात मी कुठेच नव्हते. ‘दिसून येत नाही’. कुणाला दिसून येत नाही? मला तर स्वच्छ दिसत होतं.

रविवारी साताऱ्याला घरी आले. अब्बांना सांगितलं. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, “ती बाई किती वेळ बसली होती बाकावर?” मी म्हणाले, “असेल अर्धा तास.” ते काही बोलले नाहीत. आयुष्यभर कचेरीच्या बाकाशेजारी उभा राहिलेला माणूस. अर्धा तास म्हणजे किती, हे त्यांना कळत होतं.

सोमवारी मी अहवाल लिहिला. साधा लिहिला. “सदर महिला मुदतीत माझ्या कार्यालयात समक्ष आल्या होत्या. त्यांनी आपले नाव वारस म्हणून लावावे असे तोंडी सांगितले. मी ती हरकत नोंदवहीत घेतली नाही व पोच दिली नाही. तसे करणे आवश्यक होते.” चार वाक्यं. ‘मी’ हा शब्द मी सरकारी कागदात पहिल्यांदा असा वापरला.

मला कारणे दाखवा नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, लेखी ताकीद मिळाली. ते योग्यच होतं. नोंद रद्द झाली, फेरचौकशी झाली आणि बहिणीचं नाव भावांच्या रांगेत लागलं. ती उतारा न्यायला आली तेव्हा मी तिला तो वाचून दाखवला. तिचं नाव आलं तिथे थांबले. मला वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, “ह्येच तर सांगत हुते की मी तवा.” उताऱ्याची घडी घातली आणि गेली.

अरबीत ‘तकरार’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. आपली ‘तक्रार’ तिथूनच आलेली. माणसाला एकदा सांगून कुणी ऐकत नाही, तेव्हा तक्रार तयार होते. पहिल्यांदा सांगितलेलं जर कुणी नीट लिहून घेतलं, तर निम्म्या कचेऱ्यांचं काम कमी होईल.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक नियम पाळला. कुणीही तोंडी काही सांगितलं की दोन ओळी लिहून घ्यायच्या, वाचून दाखवायच्या, तारीख टाकायची, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि पोच द्यायची. पाच मिनिटं लागतात. ‘लेखी द्या’ हे शब्द मी परत वापरले नाहीत.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न जुन्या कागदाचा असतो. इतर मागासवर्गाचं जात प्रमाणपत्र काढायचं तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार अशा कुटुंबातली मुलं आजोबांचा दाखला काढतात आणि जातीच्या रकान्यात एकच शब्द असतो, ‘मुसलमान’. शाळेत नाव घालताना कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, मास्तरांनी दिसलं ते लिहिलं. द्वेषाने लिहिलं असं मी म्हणणार नाही. घाईत लिहिलं. पण त्या घाईची किंमत नातवंडं मोजतात.

अशा वेळी एका दाखल्यावर हात टेकू नका. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षात बघा. तिथे पुष्कळदा व्यवसायावरून किंवा जमातीवरून नोंद सापडते, कारण कोतवाल गावातला असायचा, त्याला कोण पिंजारी आणि कोण तांबोळी हे माहीत असायचं. जुने फेरफार बघा, खरेदीखतं बघा. काही नोंदी मोडीत असतील. मोडी वाचणारे शोधा, किंवा स्वतः शिका. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून साऱ्या महाराष्ट्राने जुनी दप्तरं उघडलेली आपण पाहिली. ती दप्तरं सगळ्यांची आहेत.

सांगलीच्या पोरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. एक मुलगा माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसला. त्याच्या आजोबांच्या दाखल्यावर लिहिलं होतं, ‘जि. द. सातारा’. कुठल्याशा कार्यालयात त्याला सांगितलं की जिल्हा जुळत नाही, कागद चुकीचा आहे. कागद बरोबर होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्यातले काही तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचंच नाव सांगली झालं. मी त्याला म्हटलं, जिल्हा गॅझेटियरच्या पानाची नक्कल जोड आणि अर्जात दोन ओळी लिही. काम झालं. त्या कारकुनाला हे माहीत नव्हतं, मुलालाही नव्हतं. दोघांपैकी एकाला जरी माहीत असतं तर त्या मुलाचे चार हेलपाटे वाचले असते.

आणि नावं. महंमद, मोहम्मद, महमद, मुहम्मद. हुसेन, हुसैन. फातिमा, फातमा. बाबालाल, बाबूलाल. आपल्या एका घरात एका माणसाची चार रूपं असतात, आधारला एक, शाळेत एक, सातबाऱ्याला एक आणि बँकेत आणखी एक. प्रेमाने हाक मारताना चालतं. कागदावर ती चार वेगळी माणसं होतात. लिहिणाऱ्याच्या कानाला ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, आणि आपण वाचून बघितलं नाही. म्हणून घरात बाळ जन्मलं की नाव ठेवताना त्याचं स्पेलिंग मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तोच कागद पुढे करा. खिडकीवर तोंडी नाव सांगू नका, लिहून द्या. दाखला हातात आला की खिडकी सोडण्यापूर्वी वाचा. चूक तिथल्या तिथे पाच मिनिटांत सुधारते, पुढे तिला पाच वर्षं लागतात.

सरकारी पत्र आलं तर ते वरून खाली वाचू नका. आधी शेवटचा परिच्छेद वाचा, काय करायचं आहे ते तिथे असतं. मग मुदत बघा आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची ते बघा. मग विषय आणि संदर्भ. शेवटी ‘प्रत’ कुणाकुणाला गेली ते वाचा, म्हणजे आणखी कोणाकडे जाता येईल ते कळतं. “उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित” म्हणजे कागद दुसरीकडे पाठवला, अजून काही झालेलं नाही. “दप्तरी दाखल” म्हणजे कागद बंद झाला. हा शब्द दिसला तर स्वस्थ बसू नका.

अर्ज लिहाल तर एका अर्जात एकच विषय. आधी काय घडलं ते तारखांसह, मग काय हवं ते एका वाक्यात, मग जोडलेल्या कागदांची यादी. रडगाणं नको, आणि “मायबाप सरकार” तर नकोच. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नाही तर अर्ज नाही, असंच समजा. विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा राज्याचा कायदा आहे. त्याप्रमाणे साधारणपणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. माहितीचा अधिकार त्याच वर्षीचा. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळते, फाइल समोर बसून पाहताही येते. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम दाखल्यांसारख्या सेवांना मुदत घालून देतो आणि ती टळली तर अपील देतो. हे कायदे भांडायला वापरण्याआधी विचारायला वापरा. “भाऊसाहेब, माझा अर्ज अमुक क्रमांकाने अमुक तारखेला आला आहे, आज कुठे आहे?” क्रमांक सांगून विचारणाऱ्याला उडवून लावणं अवघड असतं.

आणि शेवटचं. मला तुमच्यातले काहीजण खिडकीच्या आतल्या बाजूलाही हवे आहेत. स्पर्धा परीक्षा द्या, कचेरीत नोकरीला लागा. आपल्या समाजाची कामं करायला म्हणून नव्हे. तिथे बसलेल्याला समाज नसतो, समोर येणारा प्रत्येकजण त्याचा असतो. पण ज्याच्या आजोबांच्या दाखल्यावर कुणीतरी घाईत एक शब्द लिहिला होता, तो स्वतः लिहिताना क्षणभर थांबेल, एवढीच माझी आशा आहे.

लिहिताना एवढंच बघा, की हा कागद तीस वर्षांनी कुणीतरी उघडणार आहे आणि तेव्हा आपण सांगायला तिथे नसणार. “करण्यात आले”, “दिसून येत नाही” असं लिहायची वेळ आली की स्वतःला विचारा, कुणी केलं? कुणाला दिसलं नाही? उत्तर ‘मी’ असेल तर ‘मी’ लिहा.

माझे अब्बा गेले तेव्हा त्यांच्या पेटीत एक वही सापडली. त्यांना लिहिता येत नव्हतं, तरी वही होती. पानापानावर उभ्या रेघा. नंतर कळलं, ज्या टेबलावर कागद जितके दिवस पडला तितक्या रेघा. त्यांची कार्यविवरण नोंदवही होती ती. त्यांना अक्षर येत नसूनही त्यांनी नोंद ठेवली. तुम्हाला तर अक्षर येतं.

घरी गेल्यावर सातबारा काढा. बहिणीचं नाव कुठे आहे ते बघा. नसेल, तर हरकत घ्या.